ओढ्यातील अकीकशोध

ओढ्यातील अकीकशोध : ओढ्याच्या किंवा लहान नदीच्या पात्रातल्या गोट्यांमधून अकीक, म्हणजेच अ‍ॅगेट, नजरेने हुडकून वेचण्याचा छंद. बहुधा तो गटाने, एका दिवसाच्या सहलीत केला जातो. खाणकामाशी त्याचे नाते दूरचे. खोदणे जवळपास नसतेच आणि फोडणेही थोडेच. डोंगरातून सुटलेला दगड पाण्याने आधीच धुऊन आणि घासून ठेवलेला असतो. माणसाच्या वाट्याला पाहण्याचे काम उरते, आणि ते वाटते त्याहून बरेच अवघड आहे.

अकीक कसा घडतो : अकीक हा कॅल्सेडोनी या खनिजाचा पट्टेदार प्रकार. रासायनिक दृष्ट्या तो सिलिका (वाळू-गारगोटीचे मुख्य द्रव्य), म्हणजे क्वॉर्ट्‌झचाच सगासोयरा. मात्र त्याचे स्फटिक इतके सूक्ष्म आणि तंतुमय असतात की साध्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात. पुढे सिलिकायुक्त पाणी खडकात झिरपते आणि तुलनेने कमी तापमानाला पोकळीच्या भिंतीपासून आत थरावर थर बसत जातात. मध्यभागी जागा उरली तर तेथे क्वॉर्ट्‌झचे टोकदार स्फटिक वाढतात. लोहाच्या ऑक्साइडांमुळे लाल, तपकिरी, पिवळ्या छटा येतात. पट्टे इतके नियमित का पडतात, याचे सर्वमान्य उत्तर अजून नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ राफाएल लीझेगांग यांनी १९१५ मध्ये सिलिकाच्या दाट, लिबलिबीत जेलमध्ये द्रव्ये टप्प्याटप्प्याने पसरून पट्टे पडतात, अशी लयबद्ध विसरणाची कल्पना मांडली. ती आज जशीच्या तशी कोणी स्वीकारत नाही, पण वाद तिच्यापासूनच सुरू होतो.

बहुतेक अकीक ज्वालामुखी खडकांत सापडत असले, तरी सगळेच नाहीत. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील लाल-काळ्या पट्ट्यांचा अकीक गाळाच्या खडकांत घडलेला आहे. तो तेथील ओढ्यांतच प्रामुख्याने शोधला जातो आणि २००० मध्ये त्याला राज्याच्या खडकाचा दर्जा मिळाला. उलट उत्तर अमेरिकेतल्या सुपीरिअर सरोवराच्या परिसरातील अकीक सुमारे १.१ अब्ज वर्षांपूर्वीच्या लाव्हांतून आलेला. हिमनद्यांनी तो मूळ जागेपासून शेकडो किलोमीटर दक्षिणेला नेऊन टाकला. त्यामुळे ज्या ओढ्याच्या आसपास ज्वालामुखी खडकाचा मागमूस नाही, तेथेही तो मिळतो. १९६९ पासून तो अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याचे अधिकृत रत्न आहे.

ओढाच का : पाणी जड दगड एका जागी गोळा करते, म्हणून अकीकही सोन्यासारखा खड्ड्यांत साचत असेल, असा नवख्यांचा समज असतो. तो चुकीचा आहे. अकीकाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे २.६, तर बेसाल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या काळ्या खडकाचे, साधारण २.८ ते ३. म्हणजे अकीक आपल्या मूळ खडकापेक्षा हलकाच. ओढ्यात तो उठून दिसतो, कारण तो टिकतो. त्याची कठिनता मोस मापक्रमावर (खनिजांची कठिनता १ ते १० अंकांत सांगणारे माप) ६.५ ते ७ असून रासायनिक झिजेलाही तो दाद देत नाही. भोवतालचा बेसाल्ट कुजून माती होतो आणि गाठीसारखा अकीक तेवढा मोकळा होऊन पात्रात येतो. सोन्याच्या शोधातली चाळणी-परात येथे फारशी उपयोगी का पडत नाही, हे यावरून कळावे.

ओळख : दुकानात पाहिलेला कापलेला, झिलई दिलेला अकीक डोळ्यांसमोर ठेवून ओढ्यात उतरले, तर हाती काही लागत नाही. पात्रातल्या अखंड गोट्याला बाहेरून मळकट, खरबरीत कवच असते. बटाट्याच्या सालीसारखे ते बारीक खळग्यांनी भरलेले असते आणि पट्टे त्याखाली झाकलेले राहतात. वाहत आलेल्या दगडाचा एखादा कोपरा मात्र बहुतेकदा उडालेला असतो आणि त्या खिडकीतून आतले दिसते. फुटलेला पृष्ठ शंखाभ, म्हणजे शिंपल्यासारखा वळणदार असतो. त्याची चमक काचेसारखी झगझगीत नसून मेणचट असते. पुष्कळ लोटलेल्या गोट्यांवर नखाएवढ्या किंवा त्याहून बारीक चंद्रकोरी उमटलेल्या दिसतात. एका कठीण दगडाने दुसऱ्यावर आपटून केलेले ते आघात आहेत. मऊ दगडावर असे ठसे फार काळ टिकत नाहीत, म्हणून अनुभवी माणूस पट्टे दिसण्याआधीच चंद्रकोर पाहून दगड उचलतो.

सर्वांत भरवशाची खूण पारभासकता. दगड सूर्याकडे धरला, किंवा ढगाळ दिवशी त्यामागे लहान बॅटरी लावली, की अकीकाची कड उजळते. जॅस्पर आणि बहुतेक चर्ट हे सिलिकाचेच दुसरे दगड अपारदर्शक असल्यामुळे काळेच राहतात. कॅल्साइट (चुनखडीचे खनिज) उजळतो, पण त्याची कठिनता अवघी ३. चाकूचा ओरखडा त्यावर सहज उठतो, अकीकावर उठत नाही. ओढ्यातली झिजलेली बाटलीची काच सर्वांनाच कधी ना कधी फसवते. तिच्यात गोल बुडबुडे दिसले तर प्रश्न मिटतो. साधा पांढरा क्वॉर्ट्‌झही पारभासक असतो, मात्र त्याच्या आत तंतू किंवा पट्टे नसतात आणि तुटलेली बाजू दाणेदार किंवा काचेरी दिसते.

पट्ट्यांच्या मांडणीवरून हौशी मंडळी बरेच प्रकार करतात : तटबंदीसारखी कोनदार वलये असलेला, पाण्याच्या पातळीसारखे आडवे थर असलेला, डोळ्यासारखी वर्तुळे असलेला. शेवाळी अकीकात तर पट्टे नसतातच. मँगॅनीज आणि लोहाच्या ऑक्साइडांच्या फांद्या-फांद्यांनी त्यात झाडाझुडपांची चित्रे उमटतात. यलोस्टोन नदीच्या खडीतून मिळणारा मोंटानाचा अकीक याचा नामांकित नमुना. काटेकोर खनिजशास्त्रज्ञ त्याला अकीक म्हणायला कचरतात. वेचणाऱ्यांनी त्याची फिकीर केलेली नाही.

उजेड आणि दिशा : या शोधात हातोडीपेक्षा सूर्य महत्त्वाचा आहे. सकाळी आणि संध्याकाळी ऊन तिरपे असते. अशा वेळी सूर्याकडे तोंड करून चालले, तर पारभासक दगडातून प्रकाश आरपार येतो आणि शेकडो मंद गोट्यांत तो एकटाच आतून पेटल्यासारखा दिसतो. भर दुपारी तोच दगड पायाखाली असूनही कळत नाही. दगड ओला असेल तर रंग खुलतो; म्हणून सुकलेल्या खडीवर मारायला पाण्याची फवारणीची बाटली जवळ ठेवतात. मात्र ओलेपणा फसवाही असतो. ओला असताना देखणा वाटलेला गोटा वाळल्यावर मातकट निघतो, तेव्हा झोळीत टाकण्यापूर्वी एकदा पुसून पाहावा.

चालायचे प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला. पायांनी ढवळलेला गाळ मागे वाहून जातो आणि समोरचे पाणी नितळ राहते. ओढ्याची दिशा आणि सूर्याची दिशा जुळत नसेल, तर दर थोड्या पावलांनी थांबून, मागे वळून तोच पट्टा पुन्हा पाहावा लागतो. पुष्कळ चांगले दगड या मागे वळण्यात सापडतात.

शोधायचे कोठे, हे पात्राच्या वळणावर ठरते. वळणाच्या आतल्या बाजूला पाण्याचा वेग मंदावतो आणि खडीचे पट्टे साचतात. त्यांतही वरच्या टोकाला, जेथे मुठीएवढे गोटे उघडे पडलेले असतात, तेथे आधी पाहावे. बारीक वाळूच्या सपाट भागात वेळ घालवण्यात अर्थ नाही. पूर ओसरल्यानंतरचे दिवस सर्वांत चांगले, कारण खडी उलथून नवे दगड वर आलेले असतात. वर्षभर न हललेल्या खडीवर शेवाळ आणि गाळाचे पुट चढते. तेथे अकीक असला तरी ओळखू येत नाही.

गटाची चाल : एकट्याने फिरण्यात शांतता आहे, पण गटाला एक फायदा असतो जो एकट्याला मिळूच शकत नाही. प्रत्येकाचा दगडाशी होणारा कोन वेगळा असतो. एकाने बारकाईने पाहून सोडलेल्या खडीवरून दुसरा उलट दिशेने आला, तर त्याला काहीतरी मिळतेच. लहान मुलांचे डोळे जमिनीच्या जवळ असल्यामुळे ती मोठ्यांना हटकून मात देतात.

मात्र पंधरा-वीस माणसे एका ओढ्यात रांगेने घुसली, की मागच्या सगळ्यांना गढूळ पाणी मिळते. त्यामुळे जाणता म्होरक्या गटाला पात्राच्या रुंदीवर शेजारी-शेजारी पसरवतो, किंवा तुकड्या करून प्रत्येकीला ओढ्याचा वेगळा टप्पा देतो. नवख्यांना पुढे सोडण्याची पद्धत चांगली आहे. पहिला दगड स्वतःच्या हाताला लागला की नजर तयार होते. तोवर कितीही वर्णन ऐकवले तरी व्यर्थ. काही अलिखित नियम सर्वत्र पाळले जातात. वाकलेल्या माणसाच्या पुढ्यातला दगड उचलायचा नाही, आणि दुसरा खडीचा पट्टा पाहत असताना त्याच्या व सूर्याच्या मध्ये उभे राहायचे नाही. दुपारी सगळे जण आपापली वेच ओल्या फडक्यावर मांडतात. संशयित दगड हातोहात फिरतात, आणि ज्याच्याकडे भरपूर आहे तो रिकाम्या हाताच्या माणसाला एखादा देऊन टाकतो. शिकणे खऱ्या अर्थाने येथे होते, कारण नको असलेले दगड हवे असलेल्यांच्या शेजारी पडलेले असतात.

साहित्य थोडेच लागते : पकड असलेले बूट, टोकाला वाकडी पट्टी लावलेली काठी, जाळीची पिशवी, फवारणीची बाटली, बॅटरी. हातोडी घेतलीच तर डोळ्यांना गॉगल हवा. अकीकाचे कपचे धारदार असतात. खरे तर अकीक फोडूच नये. घाव बसला की दिसणाऱ्या भेगेपेक्षा न दिसणाऱ्या भेगा जास्त पडतात आणि पुढे कापताना दगड हातात सुटा होतो.

परवानगी : सार्वजनिक दिसणाऱ्या ओढ्याचे पात्रही खासगी मालकीचे असू शकते. याबाबतचे कायदे देशोदेशी, कधी एकाच देशात राज्याराज्यांत वेगळे आहेत. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांतून दगड उचलण्यास मनाई आहे, तर ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सार्वजनिक जमिनी सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याच्या बहुतेक जमिनींवर स्वतःच्या हौसेपुरते, विक्रीसाठी नव्हे, माफक प्रमाणात दगड घेता येतात. गटाच्या बाबतीत हे अधिक नाजूक असते. एका माणसाने चार दगड नेले तर मालकाचे काही बिघडत नाही. वीस जणांनी बादल्या भरल्या आणि फाटक उघडे टाकले, तर पुढच्या सगळ्यांसाठी तो ओढा बंद होतो. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन फेडरेशन ऑफ मिनरलॉजिकल सोसायटीज या महासंघाच्या आचारसंहितेत परवानगी, खड्डे बुजवणे आणि वापरता येईल तेवढेच घेणे ही कलमे आहेत, ती अशाच अनुभवांतून आलेली दिसतात.

ओढ्याला स्वतःचे जीवनही असते. माशांच्या विणीच्या काळात खडी तुडवल्याने तिच्यातली अंडी चिरडली जातात, म्हणून तो हंगाम टाळतात. काठ उकरणे वाईटच. पहिल्याच पुरात तो ढासळतो. एका ओढ्यातून दुसऱ्यात जाण्यापूर्वी बूट धुऊन पूर्ण वाळवावेत. डिडिमो हे शैवाल ओल्या पादत्राणांतूनही पसरते आणि एकदा शिरले की दगडांवर जाड थर चढवते.

धोके नेहमीचेच आहेत : निसरडे गोटे, थंड पाणी, आणि वरच्या खोऱ्यात पडलेल्या पावसाचा अचानक येणारा लोंढा. डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही पाणी एकाएकी गढूळले किंवा काडीकचरा वाहून येऊ लागला, तर दगड सोडून काठावर चढायचे. खाली मान घालून चालणाऱ्या माणसाला आपण किती लांब आलो याचे भान राहत नाही, त्यामुळे जोड्या ठरवून देणे आणि निघताना डोकी मोजणे हे काम म्होरक्याने दुसऱ्यावर सोपवू नये.

घरी आल्यावर : साबण आणि जुन्या ब्रशने बहुतेक मळ जातो. लोहाचे तांबूस डाग ऑक्झॅलिक आम्लाने निघतात, पण ते विषारी आहे. स्वयंपाकाची भांडी त्यासाठी वापरू नयेत आणि हातमोजे घालावेत. झिलईसाठी फिरत्या पिंपात सिलिकॉन कार्बाइडची भरड ते बारीक पूड टप्प्याटप्प्याने वापरतात, शेवटी सेरियम किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. एकेका टप्प्याला आठवडाभर लागू शकतो आणि मधल्या टप्प्यात भरड पुडीचा एक कण जरी राहिला, तरी सगळी झिलई ओरखड्यांनी बिघडते. कापायचे असेल तर कडेला हिऱ्याचे कण बसवलेल्या पात्याची करवत आणि सतत पाणी हवे, कारण सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते.

प्रत्येक दगडासोबत ओढ्याचे नाव, टप्पा आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. ती त्याच दिवशी लिहावी. आठवड्याने दोन ओढ्यांचे दगड एकाच डब्यात गेले की कोणता कुठला हे सांगणे तज्ज्ञालाही जमत नाही, आणि ठिकाण हरवलेला अकीक संग्राहकाच्या लेखी निम्म्या मोलाचा होतो.