गंज, वाहनाच्या तळभागाचा
गंज, वाहनाच्या तळभागाचा : मोटार, मालट्रक इ. वाहनांच्या खालच्या अंगाला लागणारा गंज आणि तो काढण्याच्या व रोखण्याच्या पद्धती. सांगाडा (चॅसिस), तळपत्रा, चाकांवरच्या कमानी, स्प्रिंगांच्या बैठका आणि ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या हे भाग यात येतात. वापरलेले वाहन पारखताना रंग आणि इंजिन पाहिले जाते, तळ बहुधा राहून जातो. वाहनाचे उरलेले आयुष्य मात्र पुष्कळदा तोच ठरवतो. सुटा सांगाडा असलेल्या वाहनात तळपत्रा सडला तरी मुख्य भार सांगाड्यावरच राहतो. सुटा सांगाडा नसलेल्या कवचरचनेत (मोनोकॉक) तसे नसते. ही रचना मोटारीत १९२२ च्या लान्चिया लॅम्ब्डापासून आली असे सामान्यतः मानले जाते. तीत तळपत्रा आणि दाराखालच्या पोकळ पट्ट्या (सिल) भार पेलत असल्याने तेथले भोक म्हणजे थेट बळकटीतली घट होय.

कारणमीमांसा : लोखंड गंजायला पाणी व ऑक्सिजन दोन्ही लागतात, याबद्दल वाद नाही. वाद होता तो क्रियेच्या स्वरूपाबद्दल. १८७० च्या सुमारास रसायनशास्त्रज्ञ क्रेस कॅल्व्हर्ट यांच्या प्रयोगांमुळे पाण्यातल्या कार्बॉनिक अम्लाने लोखंड गंजते हे मत पुढे आले. विंडम डन्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९०५ मध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडाला मधला दुवा मानले. त्याआधीच, १९०३ मध्ये, विलिस व्हिटनी यांनी गंजणे ही विद्युत् रासायनिक क्रिया असल्याचे प्रतिपादन केले होते. आज हेच मत ग्राह्य धरतात. अम्लमताला त्यामुळे अगदीच अर्थ उरत नाही असे नव्हे, कारण विरघळलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडामुळे पाणी अधिक विद्युत् संवाहक होते.

तळभागाच्या दृष्टीने खरे महत्त्व आहे ते यूलिक एव्हान्स यांनी १९२० च्या दशकात केलेल्या थेंबाच्या प्रयोगाला. घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवतात. त्यात लोह आणि अल्क या दोन्हींचे दर्शक मिसळलेले असतात; विरघळलेले लोह असेल तेथे निळा आणि अल्क असेल तेथे गुलाबी रंग येतो. काही वेळाने थेंबाचा मध्य निळा होतो, कड गुलाबी होते आणि दोहोंच्या मध्ये तपकिरी कडे धरते. कडेला हवा भरपूर पोचते, तेथे ऋणाग्र (कॅथोड) तयार होते. मध्याला ऑक्सिजन अपुरा पडतो, तेथे धनाग्र (ॲनोड) तयार होऊन लोखंड विरघळते. म्हणजे लोखंड झिजते ते हवा कमी पोचते तिथे. कमानीच्या आतल्या घडीत थापलेला ओला चिखल, दोन पत्र्यांच्या ठिपकेजोड (स्पॉट वेल्ड) सांध्यातली फट, उचकटलेल्या लेपाखालची पोकळी या साऱ्या थेंबाच्या मध्यासारख्याच जागा होत. मोकळा, वाऱ्यावर सुकणारा आस लाल दिसूनही वर्षानुवर्षे टिकतो आणि झाकलेला सांधा आतून संपतो, याचा उलगडा येथे होतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने तो सांध्यातले पत्रे फाकवतो आणि पाण्याला आणखी वाट करून देतो.

मीठ नसलेल्या पृष्ठावर, हवेत सल्फर डाय-ऑक्साइडाचा अंश असताना, सापेक्ष आर्द्रता सु. ६०% च्या वर गेल्यावर गंजण्याचा वेग एकदम वाढतो, असे गंजसंशोधक व्हर्नन यांच्या मापनांवरून दिसते. मीठ असल्यास ही मर्यादा लागू राहत नाही. बर्फ वितळवण्यासाठी थंड देशांत रस्त्यावर जे क्षार टाकतात त्यांपैकी साधे मीठ सु. ७५% आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून ओले होते, तर मॅग्नेशियम क्लोराइड सु. ३३% लाच. त्यामुळे कोरड्या दिवशीही तळ ओला राहू शकतो. ऊबदार गॅरेज हितकर की अपायकारक याविषयी मतभेद आढळतात. मीठ न धुता वाहन उबेत ठेवल्यास गोठलेली क्रिया पुन्हा सुरू होते, हे म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते.

परीक्षा व सफाई : वाहन केवळ जॅकवर उचलून खाली शिरू नये, भक्कम टेकू द्यावेत. लहान हातोडीने ठोकत गेल्यास शाबूत पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. संशय आल्यास दाभण टोचून पाहावे. नवा काळा लेप दिसला तर तो खाली काही झाकण्यासाठी तर नाही ना, हे आवर्जून तपासावे. दाराखालच्या पट्ट्यांच्या तळाशी पाणी निचरण्याची भोके असतात. ती बुजलेली असल्यास आत पाणी साचलेले असण्याचा संभव असतो.

आधी धुऊन पूर्ण सुकवावे. मग तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरने सुटे पोपडे काढून चकाकणाऱ्या धातूपर्यंत जावे. भोक पडले असेल तर नवा पत्रा जोडणे हाच उपाय, लांबी (पुटी) भरून बळ येत नाही. जिथे हत्यार पोचत नाही तिथे गंजरूपांतरक लावतात. त्यातील टॅनिक अम्लाने काळसर-निळे लोह टॅनेट, तर फॉस्फोरिक अम्लाने लोह फॉस्फेट बनते. जाड, सैल थरावर ते वरवरच काम करते. स्प्रिंगांसारख्या उच्चबल पोलादाला अम्ल लावणे टाळावे, हायड्रोजनामुळे ते ठिसूळ होण्याची भीती असते. ब्रेकच्या खड्डे पडलेल्या नळ्या घासून रंगवू नयेत, त्या बदलाव्यात.

संरक्षण : उघड्या धातूवर एपॉक्सी प्रायमर व त्यावर लेप देण्याची पद्धत रूढ आहे. डांबरी लेप खड्यांचा मारा सोसतो, पण कालांतराने कडक होऊन तडकतो आणि तड्यांतून शिरलेले पाणी धरून ठेवतो. म्हणून पोकळ भागांत मेण किंवा लोकरीच्या चरबीचे (लॅनोलिन) तेल फवारणे अधिक चांगले. ते मऊ राहते, फटीत झिरपते आणि पुन्हा लावता येते. निचऱ्याची भोके मात्र मोकळी ठेवावीत. लेप ओल्या वा मिठाळ पृष्ठावर कधीही देऊ नये.

जस्त लोखंडाआधी स्वतः झिजून त्याला वाचवते. सॉरेल यांनी १८३७ मध्ये पेटंट घेतलेली जस्तविलेपनाची रीत आणि हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यांना जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडण्याचा सुचवलेला उपाय याच तत्त्वावर आहेत. वाहनात बसवायच्या, विजेच्या साहाय्याने गंज रोखण्याचा दावा करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गंजरोधकांचे समर्थक हेच तत्त्व पुढे करतात. पण जहाज सलग पाण्यात असते. हवेतल्या वाहनावर विद्युत् मंडल पुरे करणारे सलग पाणी नसल्याने तो दावा मान्य करणे कठीण आहे.

लेपांची तुलना मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीने करतात (अमेरिकी मानक बी ११७, प्रथम १९३९). तिच्यात पृष्ठ सतत ओले राहते, रस्त्यावर ते ओले-सुके होत राहते. त्यामुळे डब्यावर छापलेले चाचणीचे तास वर्षांत रूपांतरित करता येत नाहीत.