जनसंपर्काचं शिक्षण वर्गाबाहेर कसं गेलं

जनसंपर्काचं काम आधी सुरू झालं, त्याचा अभ्यासक्रम बराच मागाहून आला. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पेनसिल्व्हेनिया रेलरोडची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसं दगावली. अशा वेळी बातमीदारांना जवळ फिरकू द्यायचं नाही, ही रेल्वे कंपन्यांची तेव्हाची रीत. कंपनीचे सल्लागार आयव्ही ली यांनी नेमकं उलट केलं. अपघाताची माहिती देणारं निवेदन त्यांनी वर्तमानपत्रांना दिलं, बातमीदारांना घटनास्थळी नेण्याची सोय केली. ते निवेदन पहिलं प्रसिद्धिपत्रक मानलं जातं. ली स्वतः आधी बातमीदार होते. संपादकाच्या टेबलावर काय टिकतं आणि काय टोपलीत जातं, हे ते तिथे काम करूनच शिकले होते.

एडवर्ड बर्नेज यांनी १९२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात हा विषय शिकवायला घेतला, तेव्हा तेही स्वतःचं जनसंपर्क सल्ल्याचं कार्यालय चालवत होते. पुढे १९४७ मध्ये बोस्टन विद्यापीठाने जनसंपर्काचं स्वतंत्र विद्यालय काढलं. १९५२ मध्ये स्कॉट कटलिप आणि अ‍ॅलन सेंटर यांचं पाठ्यपुस्तक आलं, ते पिढ्यानपिढ्या वापरलं गेलं. विषयाला शिस्त लागली. पण यशस्वी मोहिमांच्या कहाण्या वाचून परीक्षा देता येते; पत्रक परत पाठवणाऱ्या क्लायंटशी बोलता येत नाही. माझ्या मते पुढचा सगळा इतिहास ही उणीव भरून काढण्याचा आहे.

१९६७ मध्ये अमेरिकेत जनसंपर्काच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिची बेटमन स्पर्धा १९७३ पासूनची. आज तिच्यात विद्यार्थ्यांचे गट एका खऱ्या क्लायंटसाठी संशोधन, आखणी, अंमलबजावणी आणि मूल्यमापन असं सगळं स्वतः करतात. १९७८ पासून बोस्टन विद्यापीठातली ‘पीआरलॅब’ ही खऱ्या क्लायंटचं काम करणारी जनसंपर्क एजन्सी विद्यार्थीच चालवत आहेत. अशा ठिकाणी कामाची चव कळते. कार्यक्रमाचं पत्रक तयार असतं, तेवढ्यात क्लायंट पाहुण्याचं पदनाम बदलतो. दुसऱ्या परिच्छेदात दुरुस्ती होते, मथळ्याखाली जुनंच पदनाम राहतं आणि पाठवण्याआधी ते कुणाच्या तरी नजरेला पडावं लागतं. ही नजर व्याख्यान ऐकून येत नाही.

मात्र काम दिलं की शिक्षण झालंच, असंही नाही. प्रत्येक अनुभव माणसाला शिकवतोच असं नाही, काही अनुभव उलट पुढची वाढ खुंटवतात, असा इशारा अमेरिकी शिक्षणतत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी १९३८ मध्येच दिला होता. अनुभवातून होणाऱ्या शिक्षणाचे अभ्यासक डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभव, त्यावर विचार, त्यातून बनलेली कल्पना आणि पुन्हा प्रयोग असं चक्र मांडलं. इंटर्नशिपमध्ये महिनोन्‌महिने नुसती कात्रणं चिकटवणाऱ्या मुलीला या चक्रातली पहिलीच पायरी मिळते. तिच्यासोबत बसून ‘ही बातमी का छापली गेली?’ असं विचारणारं कुणी नसतं. हा अन्याय आहे आणि त्याची जबाबदारी संस्थेइतकीच विद्यापीठाचीही आहे.

मूल्यमापनाचा निकष सर्वांत उशिरा बदलला. छापून आलेल्या मजकुराची जागा मोजायची, तेवढ्या जागेचा जाहिरातीचा दर लावायचा आणि तो आकडा यश म्हणून दाखवायचा, ही जुनी पद्धत. जनसंपर्काचं मूल्यमापन कसं करावं याविषयी २०१० मध्ये ठरलेल्या बार्सिलोना तत्त्वांनी ती नाकारली. तेव्हापासून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पालाही अवघड प्रश्न विचारता येतो: लोकांना काय नवं कळलं, आणि त्यांच्या मतात किंवा वागण्यात काय बदललं?