कानावर पडणारी भाषा आणि बाळाशी बोललेली भाषा
सिंधुदुर्गातल्या काही घरांत, नातवाला मालवणीचे वळण लागू नये म्हणून आजीला त्याच्याशी बेताने बोलायला सांगतात, आणि ‘शुद्ध’ मराठी कानावर पडावी म्हणून त्याच्या हाती बडबडगीतांचा मोबाइल देतात. या व्यवहारात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते: भाषा नुसती कानावर पडणे आणि कोणी बाळाशी बोलणे.

भाषा कानावर पडणे महत्त्वाचे आहेच. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 मध्ये दाखवले, की इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक कळतो, पण ते ध्वनी ऐकण्यात नसल्याने वर्षाच्या आतच ही जाण बरीचशी ओसरते. (आपल्याला जन्मभर फुकट मिळालेला ‘ट’ असा दुसऱ्याच्या हातून निसटतो!)

मात्र नुसते ऐकू येणे पुरत नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी मंदारिन बोलणाऱ्या व्यक्ती 12 वेळा प्रत्यक्ष खेळल्या, तेव्हा ती बाळे त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. तेच बोलणे पडद्यावर पाहिलेली किंवा नुसते ऐकलेली बाळे काहीच शिकली नाहीत. पडवीत मासे साफ करणारी आजी नातवाचे बोट जिकडे जाते तिकडे बघून “ह्यो बघ बांगडो” म्हणते, त्याच्या “बागो”ची वाट पाहते आणि “हां, बांगडोच तो” असे उत्तर देते. बाळाची नजर, वस्तू आणि शब्द असे एका क्षणी जुळवून आणणे मोबाइलला जमत नाही, कारण तो कोणासाठी थांबत नाही. दोन वर्षांच्या आसपासची मुले मोठ्यांच्या आपसातल्या गप्पांतूनही शब्द उचलतात, हे खरे. पण ती माणसेही समोर असतात.

पुढे अंगणवाडीत असे मूल मालवणी ‘माका’ (मला) घालून “माका पाणी पाहिजे” म्हणाले, तर ती भाषेची पीछेहाट नव्हे. दोन बोलींत वाढणारी मुले अशी सरमिसळ करतातच, आणि त्यांचे शब्द मोजायचे तर दोन्ही बोलींतले मिळून मोजावे लागतात. वर्षाचे बाळ हाकेला वळत नसेल किंवा बडबडतच नसेल, तर मात्र आजीची बोली बदलत न बसता त्याचे कान तपासून घ्यावेत.