सियागंजचं जायफळ उगवत का नाही?

पावसाळा तोंडावर आला की ‘घरच्या घरी जायफळ’ छापाचे व्हिडिओ फिरू लागतात. मसाल्याच्या डब्यातलं जायफळ रात्रभर भिजवायचं, कोकोपीटमध्ये पुरायचं आणि तीन वर्षांत फळं तोडायची! हे साफ चूक आहे. सियागंजातून, म्हणजे इंदूरच्या किराणा बाजारातून आणलेलं जायफळ इंदुरात पुरा, दापोलीत पुरा की थेट इंडोनेशियात, ते उगवणार नाही. कारण ते मेलेलं आहे. याउलट चोइथराम मंडीतला एखादा पिचका टोमॅटो परसात फेकला, तर पंधरवड्यात तिथे रोपांचा पुंजका दिसतो. टोमॅटोचं बी वाळून जगतं, जायफळाचं बी वाळलं की मरतं. दोन्ही झाडांच्या लागवडीतला निम्मा फरक इथूनच सुरू होतो.

किराण्यात मिळतं ते पूर्ण बीसुद्धा नव्हे. जायफळाचं फळ पिवळसर, लहान पेरूएवढं. पिकलं की ते झाडावरच उकलतं आणि आत काळपट चकचकीत कवच, त्यावर लालभडक जावित्रीची जाळी दिसते. जावित्री सोलून बी काही आठवडे वाळवतात. हलवल्यावर गर आत खुळखुळायला लागला की कवच फोडतात. तो गर म्हणजे आपलं जायफळ. ते आडवं कापून पाहा: फिकट गरात तपकिरी शिरांची नक्षी असते. सुगंधी तेल मुख्यतः या शिरांत, आणि इवलासा भ्रूण एका टोकाशी. गर खुळखुळला तेव्हाच तो भ्रूण संपलेला असतो. काही जायफळांवर पांढरट भुकटी दिसते, तो किडीसाठी लावलेला चुना. ‘उगवू नये म्हणून डच लोक चुना लावत’ ही गोष्ट खूप सांगितली जाते, पण वाळलेल्या जायफळाला मारायला चुन्याची गरजच नाही.

आता खरी गंमत. सजीव पेशीतलं पाणी म्हणजे नुसती भर नव्हे. प्रथिनांचा आकार आणि पेशीपटलांचे थर पाण्यामुळेच आपापल्या जागी राहतात. पाणी गेलं की पटलं एकमेकांना चिकटतात, प्रथिनांच्या गुठळ्या होतात, आणि पुन्हा पाणी दिलं तरी मोडलेली घडी बसत नाही. टोमॅटोचं बी याची तजवीज आधीच करून ठेवतं. पक्व होताना त्यात ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. त्याच्या इशाऱ्यावर ‘एलईए’ नावाची संरक्षक प्रथिनं आणि सुक्रोज, रॅफिनोजसारख्या शर्करा साठतात. ओलावा १० टक्क्यांच्या आसपास उतरला की पेशीतल्या या दाट द्रवाची काच होते.

काच हा शब्द इथे अलंकार नाही. पाकाची खडीसाखर होते तेव्हा साखरेचे रेणू ओळीने रचले जातात आणि स्फटिक तयार होतो. तोच पाक कडक आटवून झटकन गार केला तर लिमलेटची गोळी होते: रेणू अस्ताव्यस्त, पण जागच्या जागी थिजलेले. बीच्या पेशीत ही लिमलेटची गोळी हवी, खडीसाखर नको. कारण स्फटिक झाला तर शर्करा वेगळी पडते आणि पटलं उघडी पडतात. पाकाची साखर होऊ नये म्हणून आपण लिंबू पिळतो, त्याने सुक्रोज तुटून मिश्रण तयार होतं आणि मिश्रणाचे स्फटिक सहज होत नाहीत. बीमध्ये रॅफिनोजची मिसळ तसंच काम करते. काचेत रेणू हलू शकत नाहीत, म्हणून रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात. बी जिवंत असतं, पण थांबलेलं. दमट हवेत लिमलेटची गोळी चिकट होते, तशी ही काचही मऊ पडते आणि बियाणं खराब होतं. कोरड्या, थंड जागी ठेवा असं सांगतात ते यासाठीच.

जायफळाच्या बीला ही थांबण्याची अवस्थाच नाही. झाडावरून पडतानाही त्यात भरपूर पाणी असतं आणि भ्रूणाची कामं चालूच असतात. त्याचं मूळ घर इंडोनेशियातली बांदा बेटं. तिथे हवा कायम दमट. मोठी कबुतरं जावित्रीसाठी बी गिळतात आणि ओल्या जमिनीवर टाकतात. वाट पाहण्याची गरजच कधी पडली नाही. टोमॅटोचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या कोरड्या उतारांवरचे, त्यांना पावसासाठी थांबावंच लागतं. मेक्सिकोतला टोमॅटो सोळाव्या शतकात सुक्या बियांच्या रूपाने युरोपात सहज पोहोचला. जायफळाची मक्तेदारी मात्र १६२१ साली बांदा ताब्यात घेतलेल्या डचांना दीर्घकाळ राखता आली, त्यात या नाजूक बीचाही हातभार होता. १७७० च्या सुमारास प्येर प्वाव्र या फ्रेंच प्रशासकाने जायफळ मॉरिशसला आणवलं, तेव्हा जिवंत रोपं आणि ताज्या बिया जहाजावर ओल्या ठेवाव्या लागल्या.

टोमॅटोचं बी धरायचं तर संकरित नसलेलं वाण घ्या, उदाहरणार्थ पुसा रुबी. संकरित फळाचं बी उगवतं, पण पुढची रोपं सारखी निघत नाहीत. पूर्ण पिकलेलं फळ कापून गर बरणीत पिळा, तितकंच पाणी घाला आणि एक-दोन दिवस आंबू द्या, उन्हाळ्यात एकच दिवस. बीभोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो, तो आंबल्यावर सुटतो. जास्त ठेवलं तर बी बरणीतच मोड धरतं. तळाशी बसलेलं बी धुऊन ताटलीत सावलीत वाळवा. वर्तमानपत्रावर नको, चिकटतं. फार दिवस ठेवलेला टोमॅटो कापल्यावर पांढरे दोरे दिसतात, त्यांना पुष्कळजण अळ्या समजतात. ते मोड असतात, त्या थराचा अटकाव संपल्याची खूण.

माळव्यात रोपवाटिका ऑगस्ट-सप्टेंबरात घाला, बी एक सेंटिमीटर खोल पेरा, २५ ते ३० दिवसांनी लावणी करा. एप्रिल-मेमध्ये फूल येतं पण गळतं, कारण दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री उकाडा राहिला की परागकण निकामी होतात. फळाचं बूड काळं पडलं तर औषधाच्या मागे धावू नका. बहुधा पाणी कधी फार, कधी नाही असं झाल्याने फळाला कॅल्शियम पोचलेलं नसतं. तंबाखू मळलेल्या हातांनी रोपं हाताळू नका, त्यातला विषाणू टोमॅटोला लागतो.

जायफळ लावायचंच असेल तर कोकणातून कवचासकट ताजं बी ओल्या भुशात बांधून आणा आणि दोन-तीन दिवसांत ओल्या वाळूत दोन-तीन सेंटिमीटर खोल पेरा. फ्रीजमध्ये ठेवू नका, गारठ्यानेही ते मरतं. कोंब यायला एक ते तीन महिने लागतात. नर आणि मादी झाडं बहुधा वेगळी असतात आणि बियांपासून साधारण निम्मी रोपं नर निघतात. ते कळतं सहा-आठ वर्षांनी, फुलं आल्यावर. पानाच्या किंवा बीच्या आकारावरून नर-मादी ओळखून देणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. मादीच्या फांदीची कलमं हाच खात्रीचा मार्ग. त्यातही उभ्या फांदीचं कलम उभं वाढतं, आडव्या फांदीचं झुडपासारखं पसरतं. पण इंदूरची मे महिन्यातली कोरडी झळ, जानेवारीचा गारठा आणि पाणी धरणारी काळी माती हे सगळंच त्याला मानवत नाही. सावलीत मोठ्या पिंपात ते झाड म्हणून जगवता येईल, फळांची आशा धरू नये.

स्वयंपाकघरात मात्र या दोघांत एक नातं आहे. पिकल्या टोमॅटोचा आणि ताज्या जावित्रीचा लाल रंग एकाच रेणूचा, लायकोपीनचा. हवा-उजेड लागून तो विटतो, म्हणून जावित्री वाळल्यावर पिवळसर केशरी होते. लायकोपीन तेलात विरघळतं, म्हणून फोडणीत परतलेल्या टोमॅटोतून ते कच्च्यापेक्षा जास्त मिळतं.

प्रमाणाच्या बाबतीत दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टोमॅटो किलोने खातात. जायफळातलं मिरिस्टिसिन हे द्रव्य थोड्या मात्रेत निरुपद्रवी, पण पाचेक ग्रॅम जायफळ, म्हणजे जेमतेम एक, एकदम पोटात गेलं तर मळमळ, छातीत धडधड आणि भ्रम होऊ शकतो. ‘बाळ शांत झोपतं’ म्हणून गुटीत जायफळाचे वेढे वाढवत नेणं याच कारणाने धोक्याचं. सहाणेवरचा वेढा हे माप नाही, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काहीच लागत नाही. मोठ्यांसाठी एक किलो चक्क्याच्या श्रीखंडाला पाव जायफळ भरपूर होतं, आणि तेही वाढण्याआधी किसलेलं. किसून ठेवलं तर शिरांतलं तेल उडून जातं.