रेडझोन, भराव आणि जनसुनावणी : नदीकाठच्या माणसाने हरकत कशी नोंदवायची

कोल्हापुरात जुलै लागला की माणसे सकाळी उठून आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी दोन्ही वेळा ५५ फुटांच्या वर गेले, शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला आणि एरवी फक्त सुतारवाड्यात किंवा जामदार क्लबपाशी येणारे पाणी कितीतरी आत शिरले. ते ओसरले की चौकाचौकात चर्चा एकच : पूरक्षेत्रात भराव टाकलेच कसे, परवानगी दिली कुणी?

परवानगी ज्या कागदावर झाली, त्यातल्या अनेक कागदांवर हरकत घ्यायला मुदत होती. नोटीस मार्चमध्ये आली, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात. आपण चर्चा केली ऑगस्टमध्ये. म्हणून हा लेख : कोणत्या टप्प्यावर, कुणाकडे, कोणत्या कागदांसह आणि किती दिवसांत जायचे. उदाहरणे पंचगंगेची आहेत, पण नियम राज्यभर जवळपास तेच.

आधी आपली जागा कुठे आहे ते बघा

नदीपात्राच्या बाजूने पहिली येते ती निळी पूररेषा. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यातले जे जास्त असेल त्यावरून ती ठरते. त्याच्या बाहेर लाल पूररेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदीकाठ ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र आणि निळी ते लाल हे नियंत्रित क्षेत्र. आपल्याकडे या दोन्हींना मिळून सरसकट ‘रेडझोन’ म्हणतात आणि तिथेच पहिला घोटाळा होतो, कारण दोन पट्ट्यांचे नियम वेगळे आहेत.

मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यानुसार निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम चालत नाही. बाग, मोकळी जागा, उघडे वाहनतळ, स्मशानभूमी, सांडपाणी प्रक्रिया केंद्र असे ठरावीक वापरच चालतात. जुन्या अधिकृत इमारतीची पुनर्बांधणी पाटबंधारे खात्याच्या ना-हरकत पत्रावर होऊ शकते. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधता येते, पण जोते लाल पूररेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवे. ही उंची गाठायला सोपा मार्ग कोणता? भराव. म्हणजे नियम पाळूनही एकाचे घर कोरडे राहते आणि शेजारच्या चाळीत पाणी वाढते, असे होऊ शकते. हरकतीत हा मुद्दा मांडण्यासारखा आहे आणि तो फार कमी लोक मांडतात.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फसू नका. त्याचा अर्थ दर वर्षी चार टक्के शक्यता, एवढाच. यंदा येऊन गेला म्हणून पुढची २४ वर्षे निवांत, असे नदी मानत नाही. गणित केले तर वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के निघते. लाल रेषेसाठी तीच सुमारे १८ टक्के.

नकाशा मिळवायचा कसा

पूररेषेचे नकाशे जलसंपदा विभागाकडे, म्हणजे आपल्या भागाच्या पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे असतात. महापालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा मागितला, तर विकास आराखड्यात त्या गट नंबरावर काय दाखवले आहे तेही कळते. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. एकाच जमिनीबद्दल ते वेगळे बोलत असतील, तर तुमच्या हरकतीचा पाया तिथेच मिळाला.

टेबलावरून नकाशा मिळाला नाही तर माहितीचा अधिकार. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, किंवा राज्याच्या माहिती अधिकार पोर्टलवरून ऑनलाइन शुल्क. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला दाखला जोडल्यास शुल्क माफ. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय हवा आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत, त्यामुळे पुराचा इतिहास लिहीत बसू नका. एवढे पुरते : ‘पंचगंगा नदीलगतच्या मौजे अमुक, गट नंबर अमुक या भागाचे निळ्या व लाल पूररेषेचे मंजूर नकाशे, दोन्ही रेषांची पातळी मीटरमध्ये, आणि मंजुरी आदेशाची प्रत द्यावी.’ उत्तर ३० दिवसांत यायला हवे. आले नाही किंवा अर्धवट आले, तर पुढच्या ३० दिवसांत वीस रुपयांच्या स्टँपवर पहिले अपील. त्यानंतरचे दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे.

नकाशा हातात आला की एक अडचण येतेच. आपण बोलतो फुटांत, बंधाऱ्यावरच्या पट्टीच्या हिशेबाने. नकाशा बोलतो समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये, ज्याला अभियंते ‘आर.एल.’ म्हणतात. ‘५० फुटांना आमच्या दारात पाणी आले’ हे वाक्य सुनावणीत हवेत विरते. ओळखीच्या सर्व्हेअरकडून दारातल्या पूरखुणेची आर.एल. काढून घेतली, तर तेच वाक्य पुरावा होते. चार-पाच घरांनी मिळून केले तर खर्चही अंगावर येत नाही.

विकास आराखड्यावरची हरकत

शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली हरकती-सूचना मागवल्या जातात. मुदत नोटिशीत लिहिलेली असते आणि ती राजपत्रात प्रसिद्ध झाल्या दिवसापासून मोजतात. तुम्ही वर्तमानपत्रात वाचल्या दिवसापासून नव्हे. नंतर एखाद्याच जागेचा वापर बदलायचा असेल, म्हणजे हरित पट्ट्याचा रहिवासी विभाग करायचा असेल, तर कलम ३७ खालची छोटी नोटीस निघते आणि तिला एक महिन्याची मुदत असते. लक्ष ठेवायचे ते या छोट्या नोटिशींवर. मोठ्या आराखड्याच्या वेळी सगळे जागे असतात.

पात्रतेची अट जवळपास नाहीच. जमिनीचे मालक असायची गरज नाही. भाडेकरू, शेजारी, त्याच नाल्याच्या वरच्या अंगाला राहणारा, कुणीही हरकत घेऊ शकतो. ज्याची जागा बाधित होते त्याने सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड जोडावे, भाडेकरूने लाईट बिल जोडावे. बाकीच्यांनी नाव, पत्ता आणि नदीशी आपला संबंध एका ओळीत लिहावा.

अर्जात आराखड्याचा शीट क्रमांक, गट नंबर किंवा सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर), आक्षेप नेमका कशावर आणि त्याऐवजी काय हवे, हे चार मुद्दे हवेतच. शेवटचा बहुतेक जण विसरतात. ‘नदी वाचवा’ ही मागणी समितीला अमलात आणता येत नाही. ‘शीट क्रमांक अमुकवरील, निळ्या रेषेच्या आत दाखवलेला अमुक रुंदीचा रस्ता रद्द करून तो पट्टा हरित विभागात ठेवावा’ ही आणता येते. भाग नकाशाच्या झेरॉक्सवर पूररेषा लाल-निळ्या पेनाने ओढून जोडा, पुराच्या वेळचे तारखेसह फोटो जोडा, आणि सुनावणीत मला म्हणणे मांडायचे आहे असे स्पष्ट लिहा.

आमच्या गल्लीने एकदा मोठ्या उत्साहाने दोनशे सह्यांचे एकच निवेदन दिले होते. नोंदवहीत ते ‘हरकत क्रमांक अमुक’ असे एकच पडले, आणि सुनावणीचे पत्र पहिल्या सहीवाल्याला, जो तोवर मुलाकडे पुण्याला राहायला गेला होता. तेव्हापासून आम्ही मजकूर एक ठेवतो आणि अर्ज घरटी वेगळा देतो. आणि प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असे धरून चला.

हरकती ऐकते ती नियोजन समिती : स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाच्या बाजूने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. वाट्याला मिनिटे फार थोडी येतात. तिथे कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटर करण्याचा विषय काढू नका. विषय खरा आहे, गंभीरही आहे, पण तो या समितीच्या हातातला नाही आणि तुमची मिनिटे त्यात जातात. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनेही पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवले होते. ते मात्र इथे जरूर सांगा.

जनसुनावणी : कारखाना, आसवनी वगैरे

मोठा साखर कारखाना, आसवनी (म्हणजे डिस्टिलरी) किंवा खाणीसारख्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते, तेव्हा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणी होते. ती घेते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. नोटीस एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात येते आणि लोकांना किमान ३० दिवस मिळावे लागतात. प्रकल्पाचा मसुदा अहवाल आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र आणि मंडळाच्या कार्यालयात बघायला ठेवलेला असतो. तो मागा. अहवालातला नकाशा उघडून सांडपाणी कोणत्या ओढ्याला मिळते आणि प्रकल्प पूररेषेपासून किती अंतरावर आहे, एवढे दोन प्रश्न घेऊन गेलात तरी सभागृहातल्या बहुतेकांच्या पुढे असाल.

तीन गोष्टी माहीत असू द्या. या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. पाच माणसे आली तरी ती झाली असेच धरतात. तिथे मतदान होत नाही आणि अध्यक्ष प्रकल्प मंजूर-नामंजूर करत नाही. म्हणून ‘आम्हा गावकऱ्यांचा विरोध आहे’ एवढ्याने काम भागत नाही, आणि ‘पोरांना नोकऱ्या मिळतील’ असे पलीकडच्यांनी म्हटल्याने बिघडतही नाही. तिसरी गोष्ट म्हणजे कामकाजाचे चित्रीकरण होते आणि नोंदवलेले मुद्दे शेवटी मराठीत वाचून दाखवावे लागतात. तुमचा मुद्दा त्यात आला नाही, तर तिथल्या तिथे उठून सांगा. नोंदलेल्या महत्त्वाच्या पर्यावरणीय मुद्द्यांना प्रकल्पवाल्याने अंतिम अहवालात उत्तर द्यावे लागते. त्या दिवशी ऊसतोड असेल, जाता येत नसेल, तर लेखी म्हणणे मंडळाच्या कार्यालयात आधी देता येते.

एक पळवाट मात्र मोठी आहे. इमारती, बांधकाम आणि क्षेत्रविकास या वर्गातल्या प्रकल्पांना जनसुनावणी लागतच नाही. इथेनॉलसाठीच्या काही विस्तारांनाही २०२१ मध्ये सूट दिली गेली. नदीकाठावर मोठी गृहयोजना आली की लोक ‘सुनावणी कधी?’ विचारत राहतात आणि ती कधीच येत नाही. अशा वेळी केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर अर्जाची स्थिती बघून राज्याच्या मूल्यांकन समितीला लेखी म्हणणे पाठवणे, एवढाच रस्ता उरतो.

नोटीसच नसलेली कामे

रात्रीत पडणाऱ्या भरावाला कुणी हरकती मागवत नाही. तिथे तहसीलदार (मुरूम कुठून आला, स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, भरले का), महापालिका किंवा ग्रामपंचायत, आणि पाटबंधारे विभाग अशा तिघांना एकाच दिवशी एकच अर्ज द्या, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे ढकलायला जागा उरत नाही. जिल्ह्याच्या लोकशाही दिनात, म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी, विषय घ्यायचा तर अर्ज १५ दिवस आधी. खेड्यात असाल तर ग्रामसभेचा ठराव करून त्याची प्रत जोडा. नदीकाठची झाडे तोडायची नोटीस दिसली तर त्याच दिवशी हला. तिची मुदत सहसा सातच दिवसांची असते.

सामूहिक दबावाला किंमत नाही असे नाही. जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणकरांनी वाशिष्ठीतला गाळ काढा म्हणून डिसेंबरात साखळी उपोषण केले आणि पुढे गाळ उपसायला यंत्रे नदीत उतरली. पण उपोषणाला बसतानाही हातात आवक क्रमांकाचे कागद असलेले बरे.

हरित न्यायाधिकरण

सगळे करून काही हलले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण. महाराष्ट्रासाठीचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर शुल्क एक हजार रुपये, आणि वकिलाशिवाय स्वतःही बाजू मांडता येते. मुदती मात्र कडक आहेत. पर्यावरणाच्या नुकसानीचा वाद असेल तर कारण प्रथम घडल्यापासून सहा महिने, भरपाईसाठी पाच वर्षे, आणि पर्यावरण मंजुरीलाच आव्हान द्यायचे तर ३० दिवस. सबळ कारण दाखवले तर प्रत्येकात आणखी ६० दिवस मिळू शकतात. लोकांचे सहा महिने बहुधा कार्यालयांना स्मरणपत्रे पाठवण्यात जातात, म्हणून पहिल्या तक्रारीच्या पोचेवरची तारीख कॅलेंडरवर टाका आणि चौथ्या महिन्यातच अर्ज लिहायला घ्या. न्यायाधिकरणाची कामकाजाची भाषा इंग्रजी आहे. सातबारा, नोटीस, पंचनामा असे मराठी कागद जोडायचे तर त्यांचे भाषांतर लागते आणि त्यातच दोन-तीन आठवडे सहज जातात.