वालाची उसळ आणि कमला सोहोनी

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी (माहेरच्या भागवत, लेखिका दुर्गाबाईंची बहीण) म्हटलं की बंगळूरचा प्रसंग हमखास सांगितला जातो. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या, तरी केवळ मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या, तेव्हा वर्षभर काम पाहून मग ठरवू, या अटीवर घेतलं. प्रसंग सांगायलाच हवा. पण त्यांचं काम त्याच्या आड जातं, याचं वाईट वाटतं.

केंब्रिजला त्यांना बटाट्यात सायटोक्रोम सी सापडलं. पेशींच्या श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे देणारं हे लोहयुक्त प्रथिन वनस्पतींतही असतं, हे त्यातून दिसलं. वर्णपटदर्शकातून (प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणाऱ्या उपकरणातून) पाहताना त्याची ओळख पटते ती ५५० नॅनोमीटर तरंगलांबीजवळच्या बारीक काळ्या पट्ट्यावरून. ऑक्सिडीकरण झालं की पट्टा पुसट होतो. हिरव्या पानात हरितद्रव्याचा रंग मध्ये येतो, बटाट्यात तो त्रास नाही. मात्र बटाटा चिरताच काळा पडू लागतो, म्हणून काम थंडाव्यात आणि झटपट उरकावं लागतं. १९३९ मध्ये जेमतेम ४० पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएचडी मिळाली.

पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी कडधान्यं हाती घेतली, त्यात आपला वालही. कच्च्या वालात ट्रिप्सिनला अडवणारं प्रथिन असतं. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून आतड्यात येणारं, प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम). अडवणारं प्रथिन त्याला घट्ट चिकटून बसतं, आणि खाल्लेलं प्रथिन नीट पचत नाही. ते मोजायची रीत सोपी आहे. दोन नळ्यांत दुधातलं केसीन आणि ट्रिप्सिन घ्यायचं, एकीत वालाचा अर्क घालायचा. ठरावीक वेळाने ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल टाकलं की न तुटलेलं केसीन साका होऊन खाली बसतं, तुटलेले तुकडे द्रावणात राहतात. अर्काच्या नळीत तुकडे जितके कमी, तितका अडथळा मोठा. दोन्ही नळ्यांचं तापमान आणि वेळ तंतोतंत सारखी नसेल, तर आकडा फसवा येतो.

स्वयंपाकघरात याचा अर्थ असा: वाल भिजवून, मोड आणून, पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवावेत. ओल्या उष्णतेने हे प्रथिन विस्कटतं. कोरडं भाजणं तितकं भरवशाचं नाही, कारण पाणी नसेल तर उष्णता दाण्याच्या गाभ्यापर्यंत सारखी पोचत नाही आणि प्रथिनही अधिक तग धरतं. बोटाने चेपून दाणा मधोमध कचकचला, तर आणखी शिजवा.