कॉपर बुरशीनाशक : घरच्या बागेत वापरण्याआधी हे वाचा

जून उजाडला की आमच्या काउंटरवर रोज कुणीतरी मोबाईलवर पानाचा फोटो दाखवतं आणि म्हणतं, "ती निळी पावडर द्या." निळी पावडर म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के. ठाण्याच्या पावसाळी, दमट हवेत औषध कामाचं आहे यात शंका नाही. पण विचारायला येणाऱ्या बऱ्याच जणांना त्याची गरज नसते, आणि ज्यांना असते ते बहुधा उशिरा आलेले असतात.

उशिरा म्हणायचं कारण असं की तांबं पानाच्या आत शिरत नाही. ते पृष्ठभागावर थर होऊन बसतं, आणि तिथे पडलेला बुरशीचा बीजाणू ओल मिळून रुजायला लागला की त्याला मारतं. बुरशी एकदा पानात घुसली की वरच्या थराचा तिला काही त्रास नाही. डाग पडलेलं पान फवारणीनंतर पुन्हा हिरवं होणार नाही, ते तोडून टाकायचं. फवारणी करायची ती उरलेल्या निरोगी पानांसाठी. म्हणून पहिली फवारणी मे अखेरीस आणि पुढची पावसाने उघडीप दिल्यावर, तीही पाकिटावर दिलेलं अंतर पाळून. पान कोरडं हवं आणि औषध वाळायला दोन-तीन तास मिळायला हवेत. मुसळधार सरीत मारलेलं औषध थेट खालच्या मजल्यावर जातं.

कशावर चालतं, कशावर नाही

टोमॅटोचा करपा, पपईच्या बुंध्याची कूज, पानांवरचे बुरशीजन्य ठिपके यांना आळा बसतो. लिंबावरचा खैऱ्या तर आमच्याकडे सगळ्यात जास्त येतो. हा बुरशीचा नाही, जिवाणूचा रोग. तरी तांबं त्यालाही रोखतं. ओळखायला सोपा : पानाच्या दोन्ही बाजूंना हाताला खरखरीत लागणारे तपकिरी फोड, भोवती पिवळी कडा, आणि तसेच खडबडीत डाग फळावर. शेजारच्या कोवळ्या पानावर चंदेरी नागमोडी रेघा दिसल्या तर ती नागअळी. तिने पोखरलेल्या जागेतूनच खैऱ्याला वाट मिळते, तेव्हा अळीचा बंदोबस्त न करता नुसतं कॉपर मारत बसू नका. रोगट फांद्या पावसाआधी छाटा, कापावर कॉपरचा घट्ट लेप लावा आणि नवी पालवी फुटताना फवारा.

जास्वंदीवरचा पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, ती कीड आहे. तिथे कॉपर निरुपयोगी. आंब्याच्या पानांवरची काळी काजळी किडीच्या चिकट स्रावावर वाढते, तिथेही आधी कीड. मोहरावरच्या भुरीला (पांढऱ्या पिठासारख्या बुरशीला) गंधक जास्त लागू पडतं, आणि झाड फुलावर असताना आम्ही कॉपर देत नाही. कुंडीत पाणी साचून पिवळी पडलेली पानं हा तर रोगच नाही. ताटलीतलं पाणी ओता, काम होईल.

तुळस, कढीपत्ता, पुदिना, गवती चहा यांवर कॉपर मारू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. रोज खुडून तोंडात जाणारी पानं ती. रोगट भाग कापा, हवा खेळू द्या.

द्रावण कसं करायचं

साधारण प्रमाण एका लिटरला २ ते ३ ग्रॅम, पण पाकिटावर त्या पिकासाठी जे लिहिलंय तेच अंतिम. चमच्याचा अंदाज नको, छोटा वजनकाटा वापरा, तोही स्वयंपाकघरातला नव्हे. प्लास्टिकच्या मगमध्ये पावडर घेऊन थोड्या पाण्यात इडलीच्या पिठाइतपत कालवा, गुठळ्या मोडा, मग उरलेलं पाणी घाला. पावडर विरघळत नाही, तळाशी बसते. फवारताना पंप हलवत राहा, नाहीतर सुरुवातीला नुसतं पाणी आणि शेवटी जळकी पानं. लोखंडी बादली घेऊ नका. आंबट ताक, लिंबाचा रस, व्हिनेगर असलं काही त्यात मिसळू नका : आंबटपणाने तांबं जास्त सुटतं आणि पानं करपतात. ताकाची फवारणी करायची तर वेगळी करा, वेगळ्या दिवशी.

अंगणात आंबा-नारळ असलेले काही जण बोर्डो मिश्रण घरी करतात. एक टक्क्याचं म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळं कालवून मग एकत्र. त्यात लोखंडी पातं क्षणभर बुडवून पाहा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. फ्रान्समध्ये बोर्दोच्या परिसरात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींना चोरांना भिववायला मोरचूद-चुना लावत. त्या वेलींवर केवडा (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) नाही हे मिलार्दे नावाच्या शास्त्रज्ञाने हेरलं आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. कोकणातले सुपारीवाले आजही कोळेरोगासाठी (सुपारीच्या फळकुजीसाठी) पावसाआधी तेच मारतात. बाल्कनीतल्या चार कुंड्यांसाठी मात्र एवढा खटाटोप करू नका, तयार पावडर पुरे.

फवारताना

हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्या. वेळ सकाळची, वारा नसताना. खालच्या मजल्यावर कपडे वाळत असतील तर आधी बेल वाजवून सांगा. सोसायटीतली अर्धी भांडणं तिथेच मिटतात. मुलं आणि मांजर आत ठेवा. कमळाच्या टबात गप्पी मासे असतील तर टब झाका, तांबं माशांना घातक आहे. त्याच कारणाने उरलेलं द्रावण बेसिनमध्ये किंवा गटारात ओतू नका. इथलं गटार शेवटी खाडीला मिळतं. लागेल तेवढंच करा, उरलं तर त्याच झाडांवर संपवा. तांबं कुजून नाहीसं होत नाही, मातीत साठत जातं. कुंडीत माती मूठभर, म्हणून "असू दे दर आठवड्याला" ही सवय गांडुळांना आणि पुढे मुळांनाही भोवते.

फळं-भाज्या पाकिटावरचे प्रतीक्षेचे दिवस संपल्यावरच तोडा आणि चोळून धुवा. पाकिटावरचा रंगीत चौकोन पाहा : लाल सर्वात विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. आम्ही सुटं औषध देत नाही, मूळ सीलबंद पाकीटच देतो. रिकामं पाकीट कापून घातक कचऱ्यात वेगळं टाका.

डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा. पोटात गेलं तर स्वतः उलटी काढायला जाऊ नका. १०८ ला फोन करा आणि पाकीट डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.

शंका असेल तर पान घेऊन या, फोटोपेक्षा बरं. फक्त बंद पिशवीत आणा, दुकानात लिंबाची बाकीची रोपं आहेत.